चादरीची चार टोकं

डोळ्यांच्या दवाखान्यात सुतार आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या. तरुण बाईच्या मांडीवर सर्वेक्षणाच्या फॉर्मांचा गठ्ठा होता.

“मावशी, शाळा अर्धवट सुटल्यावर बाहेरून दहावी झालेली पोरं मोजतेय मी. अठरा ते चोवीस वयाची. अख्ख्या भागात नऊ निघाली, आणि त्यातली सात तुमच्या लाँड्रीतली!”

“असतील की.”

“मला वाटलं, थापा मारताहेत. गुणपत्रिका मागून बघितल्या. शिकवलं कोणी विचारलं, तर सगळ्यांनी तुमचं नाव घेतलं.”

“मी काय शिकवणार, कपाळ! मी चादरींच्या घड्या घालते.”

“मग?”

“घडीला दोघं लागतात ना. समोरच्यानं काल वाचलेला धडा मला सांगायचा. माझ्या डोक्यात शिरला, तर मी माझी टोकं घेऊन पुढे यायचे. नाही शिरला, तर चादर तशीच ताणलेली.”

“भूमितीसुद्धा?”

“ती तर चादरीवरच. कर्ण म्हणजे काय, मी झोपेतही सांगेन.”

“पण त्यांनी चुकीचं सांगितलं, तर? पुस्तकात बघायचात?”

“मला कुठे वाचता येतंय, बाई!”

फॉर्मवालीनं गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म ओढून काढला.

“तुमचं वय काय, मावशी?”

“छप्पन्न.”

“मग या फॉर्मात तुम्हाला जागाच नाही.”

“नसू दे.”

“आणि मग चष्मा कशाला करून घेताय?”

“सातही जण हटून बसलेत. म्हणतात, मावशी, आता तू वाच, आम्ही टोकं धरतो.”

आतून सुताराचा नंबर पुकारला. तो उठून उभा राहिला.

“आधी या मावशींना घ्या,” तो म्हणाला, आणि उभाच राहिला.