तात्यांनी मागितलेली माफी

जमलेल्या समद्या भावांनो, आयाबायांनो,

मला बोलायला उभं केलंय खरं, पण माईकची मला सवय न्हाई. त्यात आज तात्यांच्या शोकसभेत बोलायचं. वीस वर्सं आमच्या द्राक्षबागांचा बांध एक. सुमनकाकू, तुमच्या मालकांवर बोलतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

तात्यांना पान सरळ बघताच यायचं न्हाई. आधी उलटं करणार. केवडा रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला धरती ना. माझ्या लग्नात विड्याचं पान हातात दिलं, तर तेबी उलटं करून बघितलं. समद्या वारूळवाडीनं बघितलंय.

फवारणीचं बोर्डो औषध करायचं तर मोरचूद न् चुना तेच कालवणार. मग त्यात लोखंडी विळा बुडवायचा. विळ्यावर तांबूस चढलं की चुना कमी पडला, मग आणखी चुना. काकू गवताला निघायच्या, अन् विळा औषधाच्या टाकीत सापडायचा.

आता एक सांगतो. आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

ट्रॅक्टरचे ब्लोअर यायच्या आधीची गोष्ट, पाठीवरचे पंप व्हते तवाची. ऑक्टोबरची छाटणी झाली, अन् पाऊस काही हटंना. केवडा पहिला माझ्या बागेत आला. माझ्याच. मी फवारायचा कंटाळा केला व्हता. लाजंपायी गप बसलो. कुणी बागेकडं वळलं की चहाला म्हणून घरी न्यायचो. आठ दिवसांत रोग बांध ओलांडून तात्यांकडं गेला.

अन् तात्यांनी काय करावं? पाठीवर पंप घेऊन माझ्या दारात. म्हणाले, "भाऊ, माझ्या बागेतनं तुझ्याकडं रोग आला. चुकलं माझं. आता तुझी बाग मला फवारू दे."

मी काय केलं? मी माफ केलं, राव. मोठ्या मनानं. वर म्हणालो, "जरा ध्यान ठेवत जा, तात्या."

त्यांनी माझी बाग आधी फवारली. माझी वाचली. त्यांचे निम्मे घड गेले.

काकू, आज चारचौघांत सांगतो. रोग माझा व्हता.

काय म्हणता, काकू? जरा मोठ्यानं.

मंडळी, काकू म्हणत्यात, तात्यांना ठावं व्हतं. घरातनं निघताना काकूंना म्हणाले व्हते, "तो लाजतोय. मीच माफी मागतो, न्हाईतर तो मला बागेत शिरू द्यायचा न्हाई."

 उभं राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. माझी माफी मागायची राहिलीय, तेवढ्यात मागून घेतो.