खोक्यातली अकरा पिल्लं

कळव्याच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोघी शेजारणी नंबर लावून बसलेल्या.

"गोदाकाकू, काका नाही आले?"

"पिल्लांजवळ बसलेत गं जागृती. कोंबडी कुत्र्यांनी मारली, म्हणून पिल्लं खोक्यात बल्बखाली ठेवलीयत."

"आणि लाईट गेली तर?"

"काल दुपारी गेलेली ना, तीन तास! पिल्लं गारठून एकमेकांवर चढत होती. मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मधे ठेवल्या."

"आणि काका?"

"रिटायर झाल्यापासून कोणाशी धड बोलत नव्हते. काल खोक्याशी मांडी घालून बसले, लाईट येईपर्यंत एकेकाशी बोलत होते."

"जगली सगळी?"

"अकराच्या अकरा! आज मला म्हणतात, तू एकटीच जा, मला घरी काम आहे."