बंबवाल्या गोगलगायीची रेघ

...आणि मला सांगा, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवं पडून कुणी भाषण करतं का? मी केलं. दात एकही दुखत नव्हता, तोंड मात्र नको तितकं उघडलं, आणि समोर कोपऱ्यात कोण, तर माझा सख्खा मामा. तुम्हाला सांगते, मला त्या दिवशी एकच काम होतं. गप्प बसायचं.

पण थांबा, तुम्ही म्हणाल ही कुठली खुर्ची आणि कुठला मामा. तर लहानपणी टीव्हीवर एक कार्टून लागायचं, 'बंबवाली गोगलगाय'. अग्निशामक दलात नोकरीला असलेली गोगलगाय. पाठीवर पाण्याचा बंब, आणि पोचायची कधी, तर आग विझून राख गार झाल्यावर. मग धापा टाकत विचारायची, "कुणाला भाजलं नाही ना?" संपला एपिसोड. एवढ्यावर आमची अख्खी पिढी वाढली हो. मध्ये ते बंद पडलं, मग परत लागलं, आणि परत लागलं ते काय अवतारात... रंग फिके, चाल अडखळती, गोगलगाय कोरडी ठणठणीत. तेव्हापासून 'दुसरा सीझन' ही आमच्यात शिवी आहे. कुणाचे केस वाकडेतिकडे कापले गेले की म्हणायचं, काय रे, डोक्याचा दुसरा सीझन झाला की.

आणि माझा मामा, ऐका आता, माझा मामा त्या दुसऱ्या सीझनच्या चित्रकारांत होता.

घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे घरात कुणी विषय काढायचा नाही. मामानं नेमकं काय काढलं तेसुद्धा कधी कुणी विचारलं नाही. म्हणजे बघा, आजाऱ्याला आपण खोदून विचारतो का, नेमकं कुठे सडलंय? तसं. पण पोरं ती पोरं. मामाच्या देखत ओरडायची, "दुसरा सीझन भंगार." मामा म्हणायचा, "असू दे." पुढे त्यानं स्टुडिओ सोडला, दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, तेव्हाही "असू दे." मी लांब शिकायला गेले, शिकून परत आले, तोवर मामाच्या नखांत तोच पाट्यांचा लाल रंग.

आणि आल्या आल्या कानावर काय पडतं? स्टुडिओचा फोन आलाय. तिसरा सीझन निघतोय, मामा हवाय, सोमवारपर्यंत कळवायचंय, आणि मामा नाही म्हणणार आहे. का? तर, "लोकांना नकोसं झालेलं परत कशाला काढायचं?"

आता मी अशी शिकलेली. मला राहवतंय होय? गावात त्या गोगलगायीचं चाहता मंडळ आहे, सुट्टीच्या दिवशी दातांच्या दवाखान्यात भरतं, कारण अध्यक्ष दातांचे डॉक्टर. मी म्हटलं मामाला तिथे न्यायचं. इतक्या वर्षांनी गोगलगायीसाठी भांडणारी माणसं बघितली की त्याचा हात आपोआप ब्रशकडे जाईल. मामी दारातच आडवी. "हे बघ बाई, तू शिकून आलीस, चांगलं झालं. पण त्या टोळीत यांना नेऊ नकोस."

"मामी, मोकळ्या चर्चेनं माणूस फुलतो."

"मोकळी ती खिडकी ठेव, वारा तरी येईल. आणि नेलंसच तर तू तोंड उघडू नकोस. तुझं तोंड उघडलं की मिटत नाही."

कबूल केलं. डॉक्टरांनाही आधीच बजावलं, आज दुसऱ्या सीझनचं नाव नको. "अहो, चिंताच सोडा," म्हणाले. म्हणजे आता सगळं पक्कं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

तर त्या दवाखान्यातली पद्धत अशी. ज्याची पाळी त्यानं पेशंटच्या खुर्चीत बसायचं, वरचा दिवा तोंडावर, आणि कुणी फार ताणलं की डॉक्टर पायानं पेडल दाबणार. खुर्ची हळूहळू मागे जाते, बोलणारा आडवा होतो, आणि आडव्या माणसाचा मुद्दा कितीही जोरदार असला तरी छताला ऐकवल्यासारखा होतो. छताला टीव्ही, पेशंटचं लक्ष गुंतवायला. त्यावर कायम गोगलगाय.

पहिल्या बसल्या शिवणकामवाल्या बाई. तोंडात टाचणी धरायची सवय, त्यामुळे ओठ न हलवता बोलतात. "मी आज दुसऱ्या सीझनबद्दल काही बोलणार नाही," म्हणाल्या, मला हायसं वाटलं, "कारण उसवलेल्या कापडाबद्दल काय बोलायचं? ज्यानं काढलं त्याचे हात तपासा..." आणि सुटल्या की हो. डॉक्टर पेडल दाबतायत, बाई आडव्या होतायत, पण तोंड चालूच. मी मामाकडे बघते, तर मामा आपले हात बघतोय. दोन्ही बाजूंनी, पालथे-उताणे.

आणि डॉक्टर म्हणतात, "आता लांबून शिकून आलेल्या आपल्या पाहुण्या."

मला फक्त गप्प बसायचं होतं. पण खुर्चीत बसले, दिवा तोंडावर आला, आणि म्हटलं आपण फक्त पहिल्या सीझनची स्तुती करू, त्यात कुणाचं काय जातं? म्हटलं, मंडळी, तो गवताच्या वणव्याचा एपिसोड आठवा. गोगलगाय नेहमीसारखी पोचलेलीच नाही, आग सरळ घरांकडे निघालीय, आणि मध्येच थांबते. का थांबते? तर आदल्या खेपेला गोगलगाय तिथून गेली होती, तिची ओली रेघ अजून गवतावर चमकतेय. आग त्या रेघेपाशी येते आणि तिथेच बसते, दमलेल्या कुत्र्यासारखी. मी म्हटलं, ती रेघ नुसती काढलेली नाही, ती कुणीतरी रोज जपलीय. मला लांबच्या खोलीत घरची आठवण आली की मी फोनवर तेवढा रेघेचा तुकडा बघायचे. माझा आवाज भरून आला, आणि आवाज भरला की माझा ताबा सुटतो, तो सुटला. "आणि दुसऱ्या सीझनमध्ये काय केलं यांनी? रेघच पुसून टाकली. गोगलगाय आणि कोरडी? कष्ट नकोत, दुसरं काय."

खुर्ची तोवर पूर्ण आडवी. छताकडे बघत मी मनात म्हणते, मेले. मामी जिवंत सोडत नाही.

आणि कोपऱ्यातून मामा, अगदी हळू, "पहिल्यात रेघ नव्हती."

डॉक्टर म्हणाले, "काय म्हणालात?"

"पहिल्यात रेघ नव्हतीच. प्रत्येक चित्रात ओलं, चमकतं काढायचं म्हणजे वेळखाऊ काम, त्यांना जमलं नाही. दुसऱ्यात त्यासाठी माणूस ठेवला. तो मी. मी फक्त रेघ काढायचो."

सगळा दवाखाना चूळ भरताना थांबल्यासारखा. "अहो, पण रेघवालं आधी लागलं होतं टीव्हीवर," बाई म्हणाल्या, टाचणी नसतानाही ओठ न हलवता.

"आधी लागलं ना. पहिल्याचं आपल्या भाषेत करायचं काम रखडलं होतं, म्हणून चॅनेलनं दुसराच आधी लावला, पहिला मागून. स्टुडिओत सगळे हसायचे. मला वाटायचं, लोकांना ठाऊक असेल."

डॉक्टरांनी मला अक्षरशः ओढून उठवलं, मामाला खुर्चीत आडवं केलं आणि छतावर वणव्याचा एपिसोड पुढे पळवला, थेट शेवटच्या नावांपर्यंत. ती नावं आजवर आम्ही कुणी पाहिलीच नव्हती हो. टीव्हीवर तिथे जाहिराती लागायच्या, आणि इथे पेशंट त्याआधीच उठून पळायचे. आम्ही सगळे माना वर करून मामाभोवती उभे. आलं वर, 'सीझन दुसरा', आणि अगदी तळाशी, 'ओली रेघ', पुढे मामाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याच्या नावानं शिव्या घालत होतो त्याच्याचसाठी रडत होतो, आणि तो बिचारा प्रत्येक शिवी स्वतःच्या रेघेला लागली म्हणून निमूट घेत होता. दिव्याच्या उजेडात मामाच्या डोळ्यांच्या कडेनं कानाकडे एक ओली रेघ गेली, आणि शिवणकामवाल्या बाईंनी दातांचा कापूस पुढे केला.

रविवारीच स्टुडिओला होकाराचा फोन केला त्यानं. सोमवारचीही वाट बघितली नाही. घरी मामीनं विचारलं, "गप्प बसलीस ना?" म्हटलं, नाही. मामीनं मला जवळ घेतलं. "बरं केलंस गं," म्हणाली, "पण सवय लावून घेऊ नकोस."

इथे संपायला हवं होतं ना? संपलं नाही. तिकडे दवाखान्यात, मामा अजून खुर्चीत असतानाच, बाईंनी पवित्रा बदलला होता, "म्हणजे दुसराच सीझन भारी. मी पहिल्यापासून तेच म्हणतेय." आणि मामा, आडवाच, छताकडे बघत काय म्हणतो?

"नाही हो. पहिलाच चांगला. त्यात ती आग थांबवत नाही. काहीच करू शकत नाही, तरी विचारायला येते."

डॉक्टरांनी सवयीनं पेडल दाबलं. पण मामा आधीच आडवा, त्यामुळे खुर्ची निघाली वर, आणि मामा भाषणाला ताठ बसला.

आता दर सुट्टीला हेच. मामा आठवडाभर स्टुडिओत बसून तिसऱ्याची रेघ काढतो आणि सुट्टीच्या दिवशी येऊन दुसऱ्याला नावं ठेवतो. दुसऱ्याची बाजू कुणी मांडायची? मी. मामाच्या विरुद्ध, मामाच्याच बाजूनं, मी एकटी भांडते... आणि तुम्हाला सांगते, दर वेळी हरते.