बरणीवरचा शब्द

सुहासिनी : ओला हात लावू नकोस त्या बरणीला. आधी पदराला पूस.

अनुराधा : पुसला, आई. सूखाच आहे. पण झाकण फार टाइट आहे हो, माझ्याने नाही खुलत.

सुहासिनी : घट्ट असायलाच हवं. हवा लागली की धुपाच्या पुडीचा वास उडून जातो. तुझे सासरे, सुबोधचे नाना, दर पावसाळ्याआधी झाकणाखाली नवं फडकं घालायचे. ठेवायची कुठे, तर फडताळात, खालच्या कप्प्यात, अंधारात. कापराच्या डबीजवळ नाही आणि हिंगाजवळ तर मुळीच नाही. दुसऱ्याचा वास ती लगेच उचलते.

अनुराधा : हमारे मायके में, गरौठा में तो सब एकच डिब्ब्यात. कपूर, धूप, माचिस, सगळं.

सुहासिनी : म्हणून तर सांगतेय. वर्षभर मी बाजारच्या उदबत्तीवर भागवलं, ही बरणी उघडायचा धीर झाला नाही. पण उद्या त्यांचं वर्षश्राद्ध, उद्या त्यांचीच पूड जळायला हवी. तू शिकून घे, माझे हात आता थरथरतात. धुपाटण्यात गोवरीचा निखारा घ्यायचा, त्यावर चाळलेली राख पसरायची आणि राखेवर पूड. थेट निखाऱ्यावर टाकलीस तर नुसता जळका धूर होतो, डोळ्यांत जातो.

अनुराधा : आणि किती टाकायची?

सुहासिनी : चिमूटभर. त्यातली अर्धी खाली सांडली तरी पुरे.

अनुराधा : आई, ह्यावर नानाजींनी कागद चिपकवलाय. पण अर्धंच लिहिलंय. "अगर." बस. अगर क्या? जर काय? पुढे काहीच नाही.

सुबोध : अनुराधा, ठेव ती बरणी.

अनुराधा : मैंने क्या किया? मी फक्त वाचलं.

सुबोध : ठेव म्हटलं ना.

सुहासिनी : तिच्यावर का ओरडतोस? अगं, ते अर्धं नाही, पुरं आहे. अगर म्हणजे हीच पूड. अगराचं लाकूड येतं आसामकडून, त्याची. बड्या बाजारातल्या अत्तरवाल्याकडून तुकडे आणून ते स्वतः कुटायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत.

अनुराधा : अच्छा, अगरबत्ती वाला अगर! मला वाटलं, नानाजी लिहिता लिहिता उठून गेले.

सुबोध : आई, नाना ह्याला अगर म्हणायचे?

सुहासिनी : मग काय म्हणणार?

सुबोध : आपण धूप म्हणतो. लहानपणापासून मी धूपच ऐकलंय. धूप झाला का, धूप आण, धुपाची वेळ झाली.

सुहासिनी : ते माझ्यामुळे. माझ्या माहेरी ग्वाल्हेरला धूप म्हणायचे. मी इथे झाँसीला आले नि धूप धूप करत राहिले, मग हळूहळू सगळेच म्हणू लागले. त्यांच्या तोंडी आधी अगरच होतं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. पण तू असा पांढरा का पडलास? बस बघू खाली.

अनुराधा : आई, हे झोपेतही बोलतात. अगर क्या, नाना, अगर क्या. साल भर से. मी विचारलं तर तोंड फिरवून झोपतात.

सुहासिनी : सुबोध, काय आहे हे?

सुबोध : आयसीयूत एकालाच बसू द्यायचे. मी आत असायचो आणि तू खाली पायरीवर.

सुहासिनी : ते ठाऊक आहे मला. तू यायचास नि सांगायचास, नाना काही बोलत नाहीत.

सुबोध : खोटं सांगायचो. एकच शब्द बोलायचे ते. झटक्याने जीभ जड झाली होती, तरी तेवढा स्पष्ट यायचा. अगर. मग थांबायचे, माझ्याकडे बघायचे. पुन्हा अगर. नर्सशी हिंदीतच बोलणं चालायचं, मला वाटलं हेही हिंदीच. मी विचारायचो, अगर क्या, नाना? तीन दिवस हेच विचारत राहिलो.

अनुराधा : हे राम.

सुबोध : वाटायचं, वाक्य सुरू करतायत नि पुढचं जमत नाहीये. अगर ग्वालियर ले जाते. अगर उसी दिन ले जाते. डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं होतं ना, ग्वाल्हेरला हलवा म्हणून. मी म्हटलं, ऑफिसात इन्स्पेक्शन आहे, मंगळवार जाऊ दे. बुधवारी ते हलवण्याजोगे राहिलेच नव्हते.

सुहासिनी : आणि हे वर्षभर तू मनात धरून बसलास?

सुबोध : रोज नवं वाक्य करून बघायचो. कुठलंही केलं तरी शेवटी माझ्यावरच यायचं.

सुहासिनी : अरे, ते तुला बोल लावत नव्हते. संध्याकाळ झाली असेल, त्यांना धुपाची आठवण झाली असेल. वास मागत होते. मोकळा हो आता त्यातून.

सुबोध : मोकळा कसला होतोय? बोल लावला असता, तर निदान मी तो ऐकून घेतला असता. ते मागत होते, आई. आणि बरणी इथे फडताळात होती. सिविल लाइंसच्या हॉस्पिटलातून वीस मिनिटं लागतात घरी यायला.

सुहासिनी : तिथे कुणी पेटवू दिलं नसतं. ऑक्सिजन लावला होता.

सुबोध : पेटवायचं कशाला? रुमालात चिमूटभर बांधून नेली असती, नाकाशी धरली असती. चौथ्या दिवशी त्यांनी तो शब्दही सोडला. माझ्याकडे बघायचंही सोडलं. मला वाटलं, रागावले. कंटाळले असतील. मागून मागून कंटाळले असतील.

अनुराधा : आप कैसे समझते? मी पण तेच समजले असते. पूरी झाँसी वही समझती.

सुबोध : झाँसीने नव्हतं समजायचं, अनुराधा. मी समजायचं होतं.

सुहासिनी : अनुराधा, शेजारी सिंधूकडे गोवरी मिळते का बघ जरा.

अनुराधा : जी, आई. जाते.

(अनुराधा जाते.)

सुहासिनी : ते तीन दिवस मी त्या पायरीवरच होते, सुबोध. तू दर तासाला खाली यायचास, माझ्या हातात चहा द्यायचास. एकदा म्हणायचंस, आई, नाना सारखं अगर अगर करतायत. मी तिथल्या तिथे सांगितलं असतं.

सुबोध : हो.

सुहासिनी : मग का नाही विचारलंस मला?

सुबोध : भीती वाटली. वाटलं, ते वाक्य तू पुरं करशील, मलाच बोल लावून.

सुहासिनी : केलं असतं. तेव्हा केलंच असतं मी.