मागच्या फलकावरच्या पेशी

आदरणीय अध्यक्ष, अर्थात आमचे संचालक सर, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सगळे सहकारी, आणि पहिल्या रांगेत पाठीला उशी लावून बसलेली माझी धाकटी जाऊ,

एकतीस वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या, माइकसमोर मात्र आजच उभी राहते आहे. सरांनी माझं इतकं कौतुक केलं, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

मी असं केलं तरी काय? मणक्यांमधल्या गादीच्या पेशींसाठी जेली ओतली. तिच्यावर पेप्टाइडचा लेप दिला, की पेशींना धरायला जागा मिळते. जेली मऊ असेल तर त्या वाटाण्यासारख्या गोल राहतात आणि निमूट आपलं काम करतात. कडक झाली, की त्याच पेशी ऐसपैस पसरतात, टोकं काढतात, गादी भरायची सोडून व्रणासारखे चिवट धागे विणतात. दिसतात मात्र देखण्या! पहिल्या वर्षी मी तशा पेशींची बशी घेऊन नाचत सरांकडे गेले होते. सर म्हणाले, "बाई, हे बाळसं नव्हे, सूज आहे."

तेव्हापासून मी प्रत्येक बशीला टिचकी मारते. जेली थरथरली पाहिजे. यावरून माझं नावच 'टिचकीबाई' पडलं. हसा, हसा.

गेले तीन आठवडे मला निवृत्तीआधी उरलेली रजा संपवायला घरी बसवलं होतं. जेली दुसऱ्यांनी ओतली. मी कुणाला दोष देत नाही.

पण मघापासून खाली बसून मी एकच गोष्ट बघते आहे. अध्यक्षांच्या मागे तो मोठा फोटो आहे ना, खाली 'रोपणासाठी सज्ज' लिहिलेला? त्यात एक तरी गोल पेशी दिसते का कुणाला? सर, तुम्ही मागे वळून पाहिलंत का हो?

याच पेशी, याच जेलीसकट, सोमवारी माझ्या जावेच्या पाठीत सोडणार आहेत. ती घाबरत होती. "ताई, तुम्ही सांगाल तसं," म्हणाली. मीच सांगितलं, डोळे मिटून सही कर. आता मला भीती वाटते आहे.

फुलांसाठी आणि इतक्या वर्षांच्या मायेसाठी मी तुमची ऋणी आहे. भरसभेत असं बोलू नये हे मला कळतं. कुणाचा अवमान झाला असेल तर पोटात घाला. माझंच चुकलेलं निघो, मी आनंदाने पुन्हा माफी मागेन. तोवर त्या बशीला कुणीतरी एक टिचकी मारा.

आणि धाकटे, तुला सोमवारी उपाशीपोटी यायला सांगितलंय ना? सकाळी पोटभर नाश्ता कर.