खांबाला सॉरी

इंग्लंडातल्या लीड्सच्या बसथांब्यावर माझ्यापुढे निवृत्त मास्तर विल्फ्रेड आणि त्याची बायको एनिड उभी होती.

“एनिड, ‘सॉरी’ मुळात दुखावलेल्या माणसाचा शब्द. माफीबिफी मागाहून चिकटली त्याला.”

“आत्ता त्या बाईनं तुझा पाय तुडवला आणि सॉरी तूच म्हणालास!”

“आपल्याकडे रीतच आहे तशी.”

“सकाळी खांबाला धडकलास, तर त्यालाही म्हणालास.”

“सवय गं.”

“मग आपल्या रोवेनाला फोन करून म्हण की एकदा.”

“का म्हणून? पोरीच्या लग्नाला गेलो नाही, ते तत्त्वासाठी.”

“पोरीपेक्षा त्या खांबाचं नशीब थोर!”

विल्फ्रेड माझ्याकडे वळला.

“सॉरी हं, आमच्या बडबडीचा तुम्हाला उगाच त्रास.”