तुरीचा आडोसा

प्रियांका : आई, पिंकीच्या पायांकडं बघा. उजवा अंगठा डाव्या अंगठ्यावर दाबून धरलाय तिनं. मगापासून तसाच.

पारूबाई : खेळायलीय. लेकरू हाय.

प्रियांका : खेळताना बोटं हलतात. ही हलतच नाहीत. पिंकी, शू आली का?

पिंकी : न्हाई.

प्रियांका : खरं सांग.

पिंकी : आजी म्हणली, जीपमदी शू येत नसती.

पारूबाई : मी आपलं समजावून सांगितलं. रेणुकाआत्याच्या बाळाचं बारसं हाय, शहाण्यावानी बसायचं, म्हणलं. पूर्णा काय लांब न्हाई आता. हे फाटक उघडलं की आलंच.

प्रियांका : उघडेल तेव्हा. अजून रेल्वेचा पत्ता नाही.

पिंकी : मम्मी, शू आली.

पारूबाई : हळू बोल गं. मागं गडीमाणसं बसलीत.

पिंकी : शू आलीऽऽ! लय आली!

प्रियांका : ओरडू द्या. ओरडली म्हणून कळलं तरी. गोपीचंदभाऊ, दार उघडा हो, पोरीला खाली न्यायचंय. काय? फाटक उघडलं की थांबणार नाही? बरं, मग इथंच सीटवर करू देते. … दार उघडलं बघा कसं पटकन.

पारूबाई : जा तू घेऊन तिला. मी हितं बसते.

प्रियांका : तुम्ही पण चला ना. मी दोन्ही हातांनी तिला धरणार, मग फ्रॉक कोण वर धरणार? नवा आहे.

पारूबाई : बसते म्हणलं ना मी.

पिंकी : आजी पायजे! आजीचा हात पायजे!

पारूबाई : आले बाई, आले. आख्ख्या गाडीला डंका नको पिटू. थांब, पिशवी घेऊ दे.

प्रियांका : पिशवी राहू द्या की सीटवर. कोण नेतंय?

पारूबाई : माझी माझ्याजवळ असू दे.

प्रियांका : मग खांद्याला तरी अडकवा. अशी पाठीमागं धरून उतरताना पडाल.

पारूबाई : पडत न्हाई. तू पोरीकडं बघ.

(सासू, सून आणि नात जीपमधून उतरून रस्त्याकडेच्या उभ्या तुरीत शिरतात.)

पारूबाई : हितं. आजून दोन वळी आत. आता कुणाला दिसत न्हाई. बरं झालं बाई, तूर उभी हाय. पुढल्या महिन्यात आलो असतो तर सगळं रान मोकळं.

प्रियांका : तुम्हाला आडोसा आधी दिसतो, मला साप.

पारूबाई : बाईमाणसाला गावाला जायचं म्हणजे आधी रान बघावं लागतंय. तूर निघाली की लगीनसराई येती, आन नेमका तवाच आडोसा जातो. ऊस बरा, बारा महिने असतोय, पन पाला कापतो.

पिंकी : मम्मी, येत न्हाई.

प्रियांका : येईल. आता इथं कुणी नाही. सोड बरं पाय. आजीनं फ्रॉक धरलाय, मी तुला धरलंय.

पिंकी : आग होती.

प्रियांका : शू करताना आग होते?

पिंकी : हां. मी न्हाई करत.

प्रियांका : थांब, रडू नको. थोडी झालीय. आई, रंग बघा हा. गडद पिवळा.

पारूबाई : तुझं आपलं तेच. पालमला लॅबमधी दिवसभर लोकाच्या बाटल्या उजेडाला धरती, आता पोटच्या पोरीची बी बघायलीस.

प्रियांका : असा रंग दिसला की मी पहिल्यांदा विचारते, पाणी किती पिता. ही सकाळपासून पाणी पिली का?

पारूबाई : चहा पाजला की कपभर.

प्रियांका : चहा नाही. पाणी.

पारूबाई : गाडीत बसायचं होतं.

प्रियांका : म्हणजे नाहीच दिलं?

पारूबाई : काल संध्याकाळपासून कमी केलं. ओठ ओले करण्यापुरतं देत होते. लय मागितलं तर बिस्कीट दिलं.

प्रियांका : आई, तीन वर्षांची आहे ती.

पारूबाई : मला बी माझ्या आईनं असंच शिकवलं. जत्रेला जायचं, लगनाला जायचं, तर पोरीच्या जातीनं आदल्या दिसापासून पाणी तोडायचं. पोरं काय, कुटं बी उभी राहत्यात. पोरीला एकदा सवय लावली की मग तरास न्हाई.

प्रियांका : सवय होत नाही. आग होते. तिनं सांगितलं, ऐकलं ना तुम्ही? रोज दिवसभर ती तुमच्याजवळ असते. रोज असंच करता का?

पारूबाई : रोज कशाला करू? वैरीण हाय का मी तिची? घरी पेती की रांजणातलं, पायजे तेवढं. फकस्त गावाला निघाल्यावर.

प्रियांका : द्या ती पिशवी. सकाळी मी बाटली भरून ठेवली होती, ती तरी तिला पाजू. … ही तर तशीच गच्च भरलेली आहे. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. तुम्ही पण नाही पिलात?

पारूबाई : मला तहान न्हाई लागत.

प्रियांका : घे पिंकी. हळूहळू पी. घोट घोट.

पिंकी : आजी, तू पन बस. शू कर.

पारूबाई : मला न्हाई आली.

पिंकी : आली. तुजी साडी ओली हाय. मागं.

पारूबाई : गप बस. पाणी सांडलं.

पिंकी : पानी तर मी पितेय.

प्रियांका : आई.

पारूबाई : हिकडं बघू नको.

प्रियांका : नाही बघत. हे बघा, तोंड फिरवलं. मी पिंकीकडं बघतेय. म्हणून पिशवी मागं धरली होती?

पारूबाई : जीप त्या खड्ड्यात आदळली ना, तवा झालं.

प्रियांका : नेहमी होतं?

पारूबाई : खोकलं की होतंय. शिंकलं की होतंय. गाडीत तर होतंच. म्हणून तर पाणी पीत न्हाई. तरी बी होतंय, काय करू?

प्रियांका : कधीपासून?

पारूबाई : तुझा नवरा पोटातून भाईर आला तवापासून.

प्रियांका : गोपाळच्या वेळेपासून? तीस वर्षं होतील की!

पारूबाई : आमी टोळीवर होतो, ऊस तोडायला. पाचटाच्या कोपीतच बाळंत झाले. सव्वा महिना कुठला आन काय कुठलं! पोरगं चिंध्यांत गुंडाळून बांधाला ठेवायचं आन मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. एका दिवशी फळीवर पाय घसरला. पडले न्हाई, मोळी बी पडू दिली न्हाई. पन आतून काहीतरी खाली सरकलं. तवापासून उभं राहिलं की ते येतंय.

प्रियांका : ते म्हणजे काय?

पारूबाई : ते. तुला कळतंय.

प्रियांका : मला कळतंय. पण तुम्ही एकदा नाव घ्या ना.

पारूबाई : माझ्या तोंडातून न्हाई निघत ते. शरम वाटती.

प्रियांका : मामंजींना माहीत आहे?

पारूबाई : त्यांना कंबर माहीत हाय. त्यांच्यासाठी माझी कंबर दुखती, तुझ्यासाठी गुडघे दुखत्यात.

प्रियांका : रेणुकाताईंच्या डोहाळजेवणाला गुडघे दुखतात म्हणूनच नाही गेलात तुम्ही.

पारूबाई : तीच बिमारी.

प्रियांका : ताई फोनवर किती रडल्या, माहीत आहे? म्हणाल्या, आईला माझं काहीच वाटत नाही. आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं होतं. व्याह्यांनी मान दिला नाही म्हणून तुम्ही रुसलात, असं घरात सगळेच म्हणत होते.

पारूबाई : म्हणू दे. रुसली म्हणलेलं बरं. भरल्या घरात लेकीची वटी भरायला उभी राहिले आन तितंच असं झालं असतं तर? तिच्या सासरच्यांपुढं?

प्रियांका : मग आज कशा निघालात?

पारूबाई : बाळ झालं तवापासून ती माझ्याशी नीट बोलंना. फोन तुला करती, मला न्हाई. आज कुंची घेऊन माझ्या हातानं न्हाई गेले, तर ती लेक मला कायमची तुटली. म्हणून निघाले. वाटलं, एवढा रस्ता निभावंल.

पिंकी : मम्मी, पाय दुखले.

प्रियांका : झाली का शू?

पिंकी : न्हाई. आजी बसली तर मी करते.

प्रियांका : बसा की आई. ती ऐकायची नाही. आणि तुम्हालाही लागलीच असेल.

पारूबाई : लागली तर हायच.

प्रियांका : मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहते.

पारूबाई : धर गं पिंके माझा हात. अशी. आता दोघी मिळून. … तू म्हणतीस दाखवा. मला बी म्हाईत हाय दवाखाना.

प्रियांका : मी अजून काही म्हटलेलंच नाही.

पारूबाई : म्हणणार होतीस. टोळीतल्या दोघीजणी गेल्या दाखवायला. दोघींच्या पिशव्या काढल्या. एकीला तर पुन्हा मोळी न्हाई उचलता आली, मग नवऱ्यानं कुणासंगं कोयता धरायचा? ते बघितलं आन मी म्हणलं, आपलं आपल्यापाशी असू दे.

प्रियांका : सगळ्यांचीच गर्भपिशवी काढावी लागत नाही, आई. कुणाला व्यायाम सांगतात, कुणाला आत रिंग बसवतात, कुणाला ऑपरेशन लागतं. तुम्हाला काय लागेल ते मी नाही सांगू शकत. मी बाटल्या तपासते, माणसं नाही. पण दाखवणं वेगळं आणि काढणं वेगळं. त्यांनी काढायची म्हटली, तर का काढायची ते विचारू. नाही पटलं तर दुसरीकडं दाखवू.

पारूबाई : विचारलेलं चालतं?

प्रियांका : विचारायचंच असतं.

पारूबाई : आन बघणारी बाईच असती का?

प्रियांका : परभणीला आहेत एक बाई. आमच्या लॅबकडं त्यांचे पेशंट येतात. वयस्कर आहेत. खेकसत नाहीत.

पिंकी : झाली! आजी, माजी झाली! लय झाली!

पारूबाई : शाब्बास माझी वाघीण.

पिंकी : आग थोडी झाली. तुजी झाली?

पारूबाई : व्हायलीय बाई.

प्रियांका : रेल्वे गेली वाटतं. आवाज थांबला. ऐका, गोपीचंद हॉर्न वाजवायलाय. थांबा, सांगते त्याला, पोरीचं अजून व्हायचंय म्हणून.

पारूबाई : पोरीचं नाव कशाला? तिचं तर झालं. … ए गोपीचंद! थांब जरा! म्हातारीला वेळ लागतो!

पिंकी : आजी ओरडली!

प्रियांका : तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला असेल.

पारूबाई : जाऊ दे. एवढीशी पोर ओरडती तर गाडी थांबती. मी कवा थांबवलीच न्हाई. पिशवीत तळाला दुसरी साडी हाय, ती काढ.

प्रियांका : दुसरी साडी घेऊनच निघता तुम्ही?

पारूबाई : कायम. लोक म्हणत्यात, पारूबाईला नटायची हौस. पदर धर आडवा. तिकडून पिंके, तू धर.

पिंकी : मी बघत न्हाई आजी.

पारूबाई : तू बघ. तू माझी सरकार हायस. आता ती बाटली आण हिकडं.

प्रियांका : पिणार तुम्ही? पूर्णा यायचीय अजून.

पारूबाई : लागली तर थांबवील की गोपीचंद. आता तोंडानं सांगितलंय त्याला. … काय गं, गार हाय पाणी.

प्रियांका : सगळं पिऊ नका, पिंकीला ठेवा.

पारूबाई : प्रियांका, बारसं झालं की पालमला परत न्हाई जायचं. परभणीला जायचं. त्या बाईकडं.

प्रियांका : मी येते. आत पण येते तुमच्यासोबत. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी सांगते त्यांना.

पारूबाई : तू नको सांगू. तू नुसती शेजारी बस.

प्रियांका : मग काय सांगाल?

पारूबाई : सांगन की तितं गेल्यावर.

प्रियांका : मला सांगून बघा. इथं फक्त तूर आहे.

पारूबाई : … बाई, माझं अंग भाईर येतंय. लेक झाला तवापासून. मला दाखवायचंय.